विहिरीच्या पाण्याचे नऊ दिवस

अहमदनगर
६ नोव्हेंबर १९९४

दीपा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं जुलैतच मिळालं होतं. उत्तर का दिलं नाही हे विचारू नकोस. कॉलेजात परीक्षा होत्या असं मी लिहीन आणि तुला ते खरं वाटणार नाही.

तुला तुझं १९८६ सालचं रजिस्टर हवं आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, ज्याच्या प्रत्येक पानावर माझी तारखेसह सही असायची ते. मी शोधलं. विभागाच्या कपाटांत नाही. मध्यंतरी भिंतींना रंग दिला तेव्हा छगनने बरीच रद्दी बाहेर काढली, त्यात गेलं असेल. छगन आता निवृत्तीला आलाय, पण प्रयोगशाळेच्या किल्ल्या अजून कमरेलाच लावून हिंडतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "म्याडम, दीपाताईचं कागदाचं चिठोरं बी मी टाकलेलं न्हाई." त्याच्या आठवणीवर किती विसंबायचं ते तूच ठरव.

तुझी अडचण मला समजली. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणतो की कॅल्शियमची कल्पना त्याची. तू म्हणतेस की तुझी, आणि ती तुला आठ वर्षांपूर्वी नगरला सुचली होती. तुमच्या साहेबांनी सांगितलंय, पुरावा दाखव. फेब्रुवारीअखेर निबंध छापायला जाणार, ज्याची कल्पना त्याचं नाव पहिलं, आणि ज्याचं नाव पहिलं त्याला पुढची तीन वर्षं तिथे जागा. दुसऱ्याने घरी जायचं. हे सगळं तू फार नीट मांडलं आहेस. नीट मांडणं तू इथेच शिकलीस.

फोटोही पाहिला. त्या यंत्राबद्दल मी फक्त वाचलंय. काचेची नळी केसाहून बारीक ओढायची, तिचं तोंड मेंदूतल्या एकाच पेशीला चिकटवायचं आणि त्या पेशीत किती कॅल्शियम शिरतं ते मोजायचं. फोटोत तू त्या यंत्राच्या टेबलावर कोपर टेकून हसते आहेस. टेबलाला धक्का लागू नये म्हणून मी तुला दोन वर्षं ओरडले, ते बहुतेक विमानात बसतानाच विसरलीस.

ग्लासगोत थंडी असेल. स्वेटर घालत जा.

मॅडम


अहमदनगर
२९ नोव्हेंबर १९९४

दीपा,

रजिस्टर सापडलेलं नाही. तू पुन्हा विचारलंस म्हणून ते सापडणार आहे का?

तू मला समजावून सांगतेस, की भांग माणसाला चढते कारण मेंदूच्या पेशींवर तिच्यासाठी आधीच जागा असते. आणि ती जागा असते कारण मेंदू स्वतः भांगेसारखं काहीतरी तयार करतो. दोन वर्षांपूर्वी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं, आणि आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याला आनंदामाइड म्हणतात. बाई गं, हे मी तुझ्या आधी वाचलंय. पुण्याला जाऊन, ग्रंथालयात उभं राहून वाचलंय. तिथली खुर्ची मोडकी होती.

पुढचं मात्र मला ठाऊक नव्हतं, हे कबूल करते. पेशीच्या टोकाशी कॅल्शियमची दारं असतात हे मी दरवर्षी शिकवते. विजेचा झटका आला की दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि ते शिरलं की पेशी आपला निरोप पुढच्या पेशीकडे सोडते. तू म्हणतेस, आनंदामाइड ही दारं लोटून घेतं. कॅल्शियम कमी शिरतं, निरोप क्षीण होतो. आणि बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम मुद्दाम वाढवलं, तर दारं लोटलेली असूनही फटीतून पुरेसं आत जातं आणि आनंदामाइडचा परिणाम दिसेनासा होतो. हा शेवटचा भाग तुझा. किंवा शेजारच्या टेबलाचा.

काल मी हे तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवलं. "अलीकडे परदेशात असं आढळलं आहे," असं मी म्हणाले. एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, कोणाला आढळलं?" मी तिला खाली बसायला सांगितलं.

एक विचारते. तुझ्या पत्राच्या चार पानांत सतरा वेळा 'आम्ही' आलंय. आम्ही मोजलं, आम्ही पाहिलं, आम्ही रविवारी समुद्रावर गेलो. मी मोजलं. इथे दोन वर्षं तू आणि मी एका खोलीत होतो. तेव्हाच्या तुझ्या कुठल्याही कागदावर 'आम्ही' नाही.

मॅडम


अहमदनगर
१८ डिसेंबर १९९४

दीपा,

तुझी आई येऊन गेली. आधी कळवलं असतंस तर बरं झालं असतं.

सुमनबाई पुणतांब्याहून पॅसेंजरने आल्या. रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगता येईना म्हणून "जिथं बेडकं कापत्यात तिथं ने" म्हणाल्या आणि त्याने बरोबर आमच्या विभागाच्या दारात आणून सोडलं. आल्या त्या थेट माझ्या खोलीत. पिशवीतले पेरू माझ्या टेबलावर ओतले. एक घरंगळत खाली गेला तो छगनने उचलला.

"दीपीनं एसटीडीवर फोन केल्ता," म्हणाल्या. "म्हनली, आई, म्याडमकडं माजी वही हाय, ती तू सोता जाऊन आन. तिच्याबिगर माजं काम दुसऱ्याच्या नावावर जातंय."

मी म्हणाले, "सुमनबाई, वही सापडत नाही."

"आसंल. लई वरसं झाली." मग म्हणाल्या, "तुमी शोधली म्हंजी शोधलीच आसंल. दीपी सांगती, म्याडम खोटं बोलत न्हाईत, रागावत्यात तेवढं."

छगन दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग उगाच काचेची नळकांडी पुसायला घेतली.

तुझी सगळी पत्रं त्या पिशवीत घेऊन फिरतात, तुला माहीत आहे का? त्यातलं एक माझ्यापुढे धरलं. "ह्यात तुमचं बी लिवलंय. वाचा की." मी वाचलं. पेशीला नळी लावताना माझा हात थरथरत नाही कारण मॅडमनी मला बेडकाची नस सोडवायला शिकवली, असं तू आईला लिहिलं आहेस. मला का नाही लिहिलंस? आईला सात पानं, मला चार. त्या बाईला नस म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का? आणि तरी ते वाक्य तिच्या पिशवीत आहे, माझ्याकडे नाही.

त्यांना परतीच्या गाडीत बसवायला छगन गेला. पेरू मी घेणार नव्हते, पण त्या ऐकतात थोडंच. छगनने चार खाल्ले. मी एकही खाल्ला नाही.

मॅडम


अहमदनगर
८ जानेवारी १९९५

दीपा,

रजिस्टर आहे. ते कधी हरवलंच नव्हतं. तुझं जुलैचं पत्र आलं त्याच दिवशी मी ते कपाटातून काढलं आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवून कुलूप लावलं. तुझ्या आईने पेरू ओतले ते त्याच खणाच्या वर.

छगनला माहीत होतं. परवा तो म्हणाला, "म्याडम, मी सव्वीस वरसं तुमच्या हाताखाली हाय. तुमी कुनाला पास केलं, कुनाला नापास केलं, मी कधी बोललो न्हाई. पन त्या माउलीला मोकळ्या हातानं माघारी लावलं, हे बरं न्हाई केलं." आणि माझा चहा न आणताच निघून गेला.

म्हणून काल ते पुन्हा उघडून बसले. तुला सगळं आठवत असेल, तरी लिहिते. १८ ऑगस्ट १९८६. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा क्षाराच्या पाण्यात टांगलेला, त्याला विजेचे हलके झटके, आणि तो आक्रसला की काजळी लावलेल्या ड्रमवर त्याची रेघ. भांगेचा अर्क घातला की रेघा बुटक्या व्हायला हव्यात. त्या दिवशी झाल्या नाहीत. कारण डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रात क्षाराचा थर साचून ते बंद पडलं होतं आणि छगनने बरणी मागच्या विहिरीतून भरून आणली होती. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी.

दुसरं कोणी असतं तर बरणी ओतून दिली असती. तू दुसऱ्या दिवशी यंत्र खरवडून चालू केलंस, आणि मग विहिरीचं पाणी मुद्दाम घातलंस. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. विहिरीचं पाणी जितकं जास्त तितका भांगेचा परिणाम कमी. नऊ दिवस. नऊ काळ्या पट्ट्या, काजळी पुसू नये म्हणून शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, हात देऊन चिकटवलेल्या, पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या. शेवटी पेन्सिलीने लिहिलं आहेस: 'पाण्यातलं कॅल्शियम? भांग कॅल्शियमची वाट अडवत असेल का?'

आणि त्यावर माझी लाल रेघ. 'चूक. डिस्टिल्ड वॉटर वापरलेलं नाही. नऊही दिवसांचं काम रद्द. मा. बो. २८.८.८६.' मी पहिला दिवस वाचला होता. पुढचे आठ वाचलेच नव्हते.

दर जुलैत पहिल्या तासाला मी एक गोष्ट सांगते. शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका डॉक्टरच्या मदतनिसाने डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी वापरलं, बेडकाचं काढलेलं हृदय चालतच राहिलं, आणि त्या पाण्यातल्या चुन्यामुळे कॅल्शियमचं महत्त्व कळलं. सव्वीस वर्षं सांगते आहे. मुलं हसतात. तीच गोष्ट माझ्या प्रयोगशाळेत घडली तेव्हा मी लाल पेन काढलं.

तरीही रजिस्टर आत्ता पाठवता येणार नाही. मला ते २८ जानेवारीपर्यंत लागणार आहे. कशासाठी, ते विचारू नकोस.

मॅडम


अहमदनगर
३१ जानेवारी १९९५

दीपा,

हे पत्र नीट वाच आणि वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण.

२८ तारखेला औरंगाबादला परिषद होती. तिथे मी एक निबंध वाचणार होते. विषय: भांगेचा अर्क आणि पाण्यातलं कॅल्शियम. त्याचा गोषवारा मी सप्टेंबरात पाठवला होता. तक्ते तुझ्या रजिस्टरमधले. लेखक एकच, माधुरी बोरुडे.

हे मी का केलं हे मला सांगता येतं, म्हणून सांगते. तू परदेशात गेलीस याचा मला हेवा नाही. थंडी मला सोसत नाही. तुझ्या यंत्राचाही नाही, म्हणजे थोडा आहे. मला हेवा आहे तो तुला सुचतं याचा. माझा हात तुझ्याहून चांगला होता, अजूनही आहे. वाचन तुझ्याहून जास्त. पण सव्वीस वर्षांत मला स्वतःहून असं काहीच सुचलं नाही, की जे आधी कोणी लिहिलेलं नव्हतं. आणि तुला, पुणतांब्याहून पासावर येणाऱ्या मुलीला, बंद पडलेल्या यंत्रापाशी, विहिरीच्या बरणीतून सुचलं. तू बाहेर जाताना मी शिफारसपत्र दिलं, त्यात 'मेहनती' लिहिलं. 'बुद्धिमान' लिहायला हात धजला नाही. तिथे पोचल्यावर तू टाकलेल्या कार्डाला उत्तर दिलं नाही. तुझं पत्र आलं की मी आधी त्यात चुका शोधते.

तर औरंगाबाद. दुपारच्या जेवणानंतरचं सत्र, सभागृहात अकरा माणसं, त्यातली दोन डुलक्या घेत होती. मी वाचला. नीट वाचला, तक्ते दाखवले. मला लाज वाटत नव्हती, हेही लिहून ठेवते. छान वाटत होतं. मग मागच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक उभे राहिले. चांगल्या मनाने, कौतुकाने विचारलं, "बाई, विहिरीचं पाणी मोजून घालायची कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

तक्ते सगळे पाठ होते. पण ते कसं सुचतं, हे मला कुठून माहीत असणार? अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग मी म्हणाले, "मला सुचली नाही. माझी विद्यार्थिनी दीपा पगारे, तिला सुचली. तिने नऊ दिवस काम केलं आणि मी ते न वाचता खोडलं. हा निबंध तिचा आहे. माझं नाव छापू नका."

मला वाटलं होतं, छप्पर कोसळेल. काही झालं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, "धन्यवाद" म्हणाले, आणि कोळंबीच्या खाद्यावरचा पुढचा निबंध सुरू झाला. म्हातारे प्राध्यापक नंतर चहाच्या वेळी माझ्याशेजारी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाई, मुलीला कळवा."

कळवते आहे. रजिस्टर आज रजिस्टर्ड हवाई टपालाने निघालं. पोस्टात मी आणि छगन दोघं गेलो. त्याने पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचून घेतला. सोबत तुमच्या साहेबांच्या नावे इंग्रजीत पत्र आहे. ती लाल रेघ माझी, ती तारीख माझी, आणि तिच्याखालचं पेन्सिलीतलं वाक्य रेघेच्या आधीचं, असं मी लिहून दिलंय. कॉलेजचा शिक्का मारलाय. ते पान फाडून टाकावं असं दोनदा वाटलं. पण तुझ्यापाशी त्याहून चांगला पुरावा नाही. तुझं बरोबर होतं हे दाखवायला, मी ते चूक ठरवलं हाच कागद लागतो.

आईला मी स्वतः जाऊन सांगेन. पुढच्या रविवारी पुणतांब्याला जाणार आहे. ती मला आत घेईल का हे तुला विचारत नाही.

माधुरी बोरुडे


अहमदनगर
१९ मार्च १९९५

दीपा,

तुझं पत्र दहा दिवसांपूर्वी मिळालं. रजिस्टर वेळेत पोचलं, साहेबांनी नऊही पट्ट्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या, 'चूक' या शब्दाचा अर्थ तुला विचारला, आणि तुझं नाव पहिलं लागलं. शेजारच्याचं दुसरं. तीन वर्षांची जागा तुझी. बरं झालं. बरं झालं हे लिहायला मला दोन कप चहा लागला, पण लिहिलं.

तू मला माफ केलंस असं कुठेच लिहिलेलं नाहीस. ते मला आवडलं. तुझ्या आईनेही नाही केलं. पुणतांब्याला गेले तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्याडम, ज्वारीची भाकर चालंल ना?" भाकरी वाढली, शेजारी बसली, आणि मी जेवून होईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. असं जेवण मी आयुष्यात जेवले नाही.

आता कामाचं. निबंधाच्या शेवटी आभारात तू माझं नाव घातलं आहेस. ते काढ. खोडल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही.

आणि दुसरं. तू लिहितेस की आनंदामाइड पेशीत साठवलेलं नसतं. पेशीत कॅल्शियम वाढलं की ती ते तिथल्या तिथे बनवते, असं गेल्या वर्षी कोणी दाखवलंय. तेच आनंदामाइड कॅल्शियमची दारं लोटतं. हे वाचून मला तीन दिवस चैन पडलं नाही. कोणाची दारं, दीपा? निरोप ऐकणाऱ्या पेशीत कॅल्शियम भरून आलं, तिने आनंदामाइड बनवलं, आणि ते मागे, बोलणाऱ्या पेशीकडे गेलं तर? तिची दारं लोटून आलं तर? म्हणजे ऐकणारीच बोलणारीला सांगते, की आता पुरे. सव्वीस वर्षं मी फळ्यावर बाण एकाच दिशेने काढला. गुरुवारी वर्गात तो काढताना हात थांबला, आणि मुलं काय झालं म्हणून बघत राहिली.

मी पुण्याला जाऊन आले. दोन दिवस शोधलं. आनंदामाइडबद्दल असं लिहिलेलं मला तरी कुठे सापडलं नाही.

ताडून पाहायचा मार्गही सुचलाय. तुझ्या काचेच्या नळीतून ऐकणाऱ्या पेशीत कॅल्शियम धरून ठेवणारं द्रव्य भर, म्हणजे तिच्यात ते वाढणारच नाही. मग तिला झटके देऊनही बोलणाऱ्या पेशीचा निरोप क्षीण होतो का ते पाहा. नाही झाला, तर माझं खरं असण्याची शक्यता आहे. एका दिवसावर विसंबू नकोस. नऊ दिवस कर.

माझ्याकडे यासाठी यंत्र नाही. काजळीचा ड्रम आहे, त्यावर मेंदूतली एक पेशी काही लिहून देणार नाही. तुझ्याकडे यंत्र नसतं तर मी हे तुला कधीच सांगितलं नसतं. परवापासून पाकीट तयार आहे आणि ते टपालात टाकवत नाही, इतका अजून तुझा हेवा वाटतो.

तेव्हा माझं नाव लेखकांत घाल. पहिलं नको, तुझ्यानंतर, पण पूर्ण: माधुरी बोरुडे, अहमदनगर. खोटं निघालं तर तसं कळव, मी उलट पत्र लिहिणार नाही. खरं निघालं, तर छापायच्या आधी कच्चा निबंध मला पाठव. मी तुझ्या बाबतीत काय केलं ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बजावून ठेवते.

मॅडम